‘क्लेरिकल’चे मराठी करण्याआधी पुढचा शब्द वाचा

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या शाळेच्या इंग्रजी स्मरणिकेचे मराठी करून द्यायचे काम माझ्याकडे आले. पैसे यथातथाच होते, पण निवृत्तीनंतर दुपार खायला उठते, म्हणून घेतले. त्यात संस्थापकांबद्दल एक वाक्य होते : भर मे महिन्यातही ते ‘फुल क्लेरिकल्स’मध्ये आवारात फिरत. मी बेधडक लिहून टाकले, ‘भर मे महिन्यातही ते संपूर्ण लिपिकवर्गासह आवारात फिरत असत.’ प्रूफ वाचायला एक वयस्कर फादर होते. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मॅडम, त्या काळी आमच्या शाळेत क्लार्क एकच होता. तोही अर्ध्या दिवसाचा.”

क्लेरिकल्स म्हणजे पाद्र्यांचा पोशाख. पायघोळ झगा, गळ्याशी पांढरी पट्टी. नागपूरच्या मे महिन्यात हे सगळे अंगावर चढवून फिरायचे, हीच त्या वाक्यातली कौतुकाची गोष्ट होती. मी मात्र त्या भल्या माणसाच्या मागे अख्खे ऑफिस उन्हात पिटाळले.

चूक का झाली ते सांगते. १९८६ साली मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. त्याआधी बर्डीवरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस अशा दोन्ही परीक्षा काढल्या होत्या. पुढची पस्तीस वर्षे क्लेरिकल स्टाफ, क्लेरिकल ग्रेड आणि क्लेरिकल मिस्टेक यांतच गेली. बँकेतल्या माणसाला ‘इंटरेस्ट’ म्हटले की आधी व्याज आठवते, तसे माझे झाले होते. या शब्दाला आणखी एक घर आहे आणि ते आपल्या घरापेक्षा जुने आहे, हे मला ठाऊकच नव्हते.

आणि राहते कुठे? सेमिनरी हिल्सपासून पायी दहा मिनिटांवर. या टेकडीला नाव पडले ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे. सेमिनरी म्हणजे पाद्री घडवण्याची शाळा. त्याच टेकडीवर सीजीओ कॉम्प्लेक्स आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या कचेऱ्या. रोज सकाळी फिरायला जाते तेव्हा एका बाजूला धर्मशिक्षण घेणारी पोरे आणि दुसऱ्या बाजूला साडेनऊच्या घाईतले, डबा लटकवलेले बाबू. ‘क्लेरिकल’चे दोन्ही अर्थ तिथे शेजारी शेजारी नांदताहेत, आणि मी त्यांच्यामधून चालत जाऊन घरी येऊन चहा पीत होते.

त्या फजितीनंतर मी हा शब्द नीट धरून बसले. भाचीला शिकवता शिकवता जे जमले ते इथे लिहिते. ती घरी बसून बातम्यांचे भाषांतर करते.

शब्दाचे मूळ माहीत असावे. नाही तर दोन अर्थ नुसते पाठ करावे लागतात आणि पाठ केलेले ऐन वेळी दगा देते. ग्रीकमध्ये ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्साही. मराठी बायबलमध्ये ‘प्रेषितांची कृत्ये’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात यहूदाची रिकामी झालेली जागा भरायची आहे, दोन उमेदवार आहेत, आणि शिष्य चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघते. जुन्या करारात लेवी कुळाला जमिनीत वाटा नाही, परमेश्वर हाच त्यांचा वाटा, असे आहे. या ‘वाट्या’वरून देवाच्या कामाला वाहिलेल्या माणसांना ग्रीकमध्ये ‘क्लेरिकोस’ आणि लॅटिनमध्ये ‘क्लेरिकुस’ म्हणू लागले. म्हणजे मुळात हा शब्द पाद्र्यांचाच. आपण नंतर आलो.

मग तो टेबलाशी कसा येऊन बसला? मध्ययुगातल्या युरोपात लिहिता-वाचता येणारे लोक बहुतांशी चर्चचेच असत. राजाला दानपत्र लिहून हवे, सरदाराला हिशेब ठेवायला माणूस हवा, की तोच झगेवाला बोलवायचा. होता होता लिहिणारा तो ‘क्लार्क’, मग त्याने दीक्षा घेतलेली असो वा नसो. इंग्लंडच्या कायद्यात तर याची मोठी गंमत होती. आरोपी धर्मगुरू असेल तर त्याला साध्या कोर्टातली शिक्षा टळायची, आणि धर्मगुरू असल्याचा पुरावा काय, तर वाचता येणे. बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राची सुरुवात वाचून दाखवली की मान वाचायची. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ साली द्वंद्वात एका नटाला मारले आणि तो याच सवलतीवर सुटला. अंगठ्यावर डाग तेवढा दिला गेला. ही सवलत रद्द झाली ती १८२७ साली. वाचता येण्याचा एवढा फायदा आमच्या पिढीत कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

इंग्रजीत ‘क्लेरिकल’ला ऑफिसचा अर्थ चिकटला तो बऱ्याच उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून जुना इंग्रजी मजकूर हाताशी असेल तर पहिला संशय पाद्र्याचा घ्यायचा. आजचा सरकारी कागद असेल तर कारकुनाचा.

आपल्याकडे लिहिणारा वर्ग देवळातून आलेला नाही. तो दरबारातून आला, तोही फारसी बोलत. ‘कारकून’ म्हणजे काम करणारा, फारसीतला ‘कार’ आणि ‘कुन’. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, त्याचा मराठीत ‘नीस’ झाला : फडणीस, सबनीस, पारसनीस, चिटणीस. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. भोसल्यांच्या दरबारातल्या चिटणवीस घराण्याचे नाव आजही सिव्हिल लाइन्समधल्या चिटणवीस सेंटरवर आहे. तिथे प्रदर्शने बघायला आपण सगळे जातो, पाटी वाचतो आणि आत शिरतो. चिटणवीस म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारा. आता पुन्हा ग्रीककडे बघा. तिकडे चिठ्ठीतून पाद्री निघाला आणि पाद्र्यातून कारकून. इकडे चिठ्ठीतून थेट कारकून निघाला, मधला पाद्री गाळून. म्हणूनच इंग्रजीतला एक शब्द दोघांना पुरतो आणि मराठीत त्याला दोन घरे करून द्यावी लागतात.

आता करायचे काय ते. ‘क्लेरिकल’ हे विशेषण आहे, एकटे सहसा येत नाही (माझ्या त्या ‘क्लेरिकल्स’सारखा अपवाद सोडून, आणि अनेकवचनात आले तर तो पोशाखच). तेव्हा आधी पुढचा शब्द वाचा. पुढे एरर, मिस्टेक, स्टाफ, पोस्ट, केडर, ग्रेड, वर्क, असिस्टंट यांपैकी काही असेल तर ऑफिस. पुढे कॉलर, ड्रेस, व्रत, ब्रह्मचर्य, दीक्षा, सत्ता अशा अर्थाचा शब्द असेल तर पाद्री. शंभरातल्या नव्वद वेळा काम इथेच संपते.

उरलेल्या दहा वेळा पुढचा शब्द दोन्हीकडे जातो. ‘क्लेरिकल ड्यूटीज’ घ्या. पाद्र्याचीही कर्तव्ये असतात : बाप्तिस्मा, लग्न, दफनविधी, रविवारची उपासना. कारकुनाचीही असतात : आवक-जावक, टपाल, नस्ती चढवणे. ‘क्लेरिकल करिअर’ही तसेच. अशा वेळी वाक्याचा मालक कोण ते बघायचे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या कुणा धाकट्या मुलाने ‘क्लेरिकल करिअर’ पत्करले असेल तर तो चर्चमध्ये गेला. १९७५ साली नागपूरच्या पोराने पत्करले असेल तर तो एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, लागला आणि त्याच्या आईने पेढे वाटले.

हिस्लॉप कॉलेजमुळे आपल्या ओळखीचे असलेले स्टीफन हिस्लॉप हे याचे चांगले उदाहरण. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी, १८६३ साली बुडून वारले. ते नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करत आणि त्यावर लिहीत. त्यांच्याबद्दल इंग्रजीत कुणी लिहिले, की ‘क्लेरिकल’ कामातून वेळ काढून ते भूगर्भशास्त्र करत, तर ते काम धर्मप्रसाराचे आणि उपासनेचे. त्यांना लिपिक केलेत तर ते थेट कलेक्टर ऑफिसात जाऊन बसतील, आणि दगड गोळा करायला रजा मिळायची नाही.

भाचीचीही एक गोष्ट सांगते, म्हणजे फजिती माझ्या एकटीची राहणार नाही. इराणची बातमी होती. इंग्रजीत तिथल्या ‘क्लेरिकल’ राजवटीचा उल्लेख होता. भाषांतराच्या यंत्राने ‘लिपिक राजवट’ असे काढून दिले आणि हिने घाईत तसेच पुढे पाठवले. रात्री मला फोन. “मावशी, इराणात कारकुनांचं राज्य आहे का गं?”

“असतं तर बरं झालं असतं बाप्पा,” मी म्हटलं, “निदान फायली तरी वेळेवर निघाल्या असत्या.” मग गंभीर होऊन सांगितले की ‘धर्मगुरूंची राजवट’ लिही. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात, पण उचलताना ते जे जास्त वेळा दिसले ते उचलते. माझे डोकेही पस्तीस वर्षे तेच करत होते.

ऑफिसच्या बाजूने अर्थ ठरला, तरी काम संपत नाही. आपल्याकडे एका माणसाला चार नावे आहेत आणि चारांचा वास वेगळा आहे. ‘लिपिक’ हा सरकारी कागदाचा शब्द. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, लिपिक-टंकलेखक. जाहिरात, आदेश, सेवापुस्तक यांत हाच वापरा. ‘क्लेरिकल स्टाफ’ला ‘लिपिकवर्गीय कर्मचारी’ हा रुळलेला शब्द आहे. ‘लिपिकीय कर्मचारी’ मला कानाला बोचतो. ‘कारकून’ जुना, आणि महसुलात ‘अव्वल कारकून’ म्हणून वर्षानुवर्षे मानाने वावरलेला. तिथल्या लिपिकाला आता ‘महसूल सहायक’ म्हणतात. ‘बाबू’ हा बोलण्यातला, आणि विदर्भात तर घरचाच. आम्ही मध्य प्रांतात होतो त्याची ही खूण. पुण्या-मुंबईकडे हेडक्लार्क असतो, आमच्या शाळा-कॉलेजात ‘बडे बाबू’ असतात. पण कथा-कादंबरीचे भाषांतर करत असाल आणि पात्र लंडनच्या कचेरीत बसलेले असेल, तर त्याला बाबू करू नका. तिथे साधा ‘कारकून’ बरा.

‘कारकुनी’ हे विशेषण मात्र जपून वापरा. ‘कारकुनी काम’ म्हटले की त्यात थोडी तुच्छता येतेच. डोके न लावता करायचे, खालच्या पायरीचे, असे. ‘कारकुंडा’ तर शिवीच. इंग्रजीतल्या ‘क्लेरिकल वर्क’ला ती तुच्छता दर वेळी नसते. नोकरीच्या जाहिरातीत ‘कारकुनी कामाचा अनुभव आवश्यक’ लिहिलेत तर अर्ज करणाराच नाराज होईल. तिथे ‘कार्यालयीन कामाचा अनुभव’ लिहा. मी पस्तीस वर्षे ते काम केले. कुणाचे निवृत्तिवेतन अडकू नये म्हणून सेवापुस्तकातली १९७० सालची एक नोंद शोधण्यात तीन दिवस घालवले आहेत. डोके न लावता ते होत नाही.

एक खड्डा खास भारतीय आहे. आपल्या सरकारी इंग्रजीत ‘मिनिस्टेरियल स्टाफ’ असा शब्द येतो. तो वाचून ‘मंत्र्यांचे कर्मचारी’ लिहिणारे मी पाहिले आहेत. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांतला नियम ९(१७) बघा : ज्याचे काम पूर्णपणे क्लेरिकल स्वरूपाचे आहे असा दुय्यम सेवेतला कर्मचारी म्हणजे ‘मिनिस्टेरियल सर्व्हंट’. तेव्हा मराठीत तोही लिपिकवर्गीय. आणि गंमत अशी, की इंग्रजीत ‘मिनिस्टर’ म्हणजे मंत्री तसाच प्रोटेस्टंट चर्चचा पाद्रीसुद्धा. पाद्री आणि कारकून यांनी एकदा जोडी जमवली ती प्रत्येक शब्दात पाठ सोडत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून मंत्री येतात आणि त्यांच्या मागे कागदांच्या पेट्या घेऊन लिपिक येतात, तेव्हा ‘मिनिस्टेरियल’चे दोन अर्थ एकाच गाडीतून उतरतात. तिसरा रविवारी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये भेटेल.

‘क्लार्क’ हे नाम आले तर आणखी एक सावधगिरी. सगळे क्लार्क खालच्या पायरीचे नसतात. ब्रिटिश संसदेतला ‘क्लार्क ऑफ द हाउस’ हा सभागृहाचा सर्वोच्च अधिकारी, आपल्याकडच्या महासचिवासारखा. त्याला सभागृहाचा कारकून म्हणू नका. ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ म्हणजे बांधकामावर देखरेख ठेवणारा. अमेरिकेत दुकानातल्या काउंटरवरचा विक्रेताही क्लार्क, हॉटेलात खोलीची किल्ली देणाराही क्लार्क. शिवाय तिकडच्या न्यायाधीशांच्या हाताखाली नवे हुशार वकील ‘लॉ क्लार्क’ म्हणून काम करतात आणि निकालासाठी संशोधन करतात. त्यांना कोर्टातला बाबू समजलात तर अर्थ पार उलटा होतो. आणि ‘क्लार्क इन होली ऑर्डर्स’ दिसले तर तो अँग्लिकन पाद्री. तिथे जुना अर्थ जशाच्या तसा गोठून राहिला आहे.

आता सगळ्यात कामाचा भाग : ‘क्लेरिकल एरर’. याला चांगले मराठी शब्द आहेत आणि लोक तरी ‘क्लेरिकल मिस्टेक झाली साहेब’ असेच म्हणतात. हाताने लिहिताना झाली तर ‘हस्तदोष’. टाइप करताना झाली तर ‘टंकलेखनातील चूक’. छापताना झाली तर ‘मुद्रणदोष’, आणि चूक विनोदी असेल तर बिचाऱ्या मुद्राराक्षसाच्या नावावर खपते. कोणत्याही प्रकाराला चालेल असा शब्द ‘लेखनप्रमाद’. ‘नजरचुकीने’ हा त्याचा नम्र भाऊ. स्वतःच्या कचेरीची चूक कबूल करायची असली की तोच बाहेर काढतात. ‘लिपिकाची चूक’ मात्र लिहू नका. अर्थ बदलतो. क्लेरिकल एरर हा चुकीचा प्रकार आहे, ती कुणी केली हे त्यात नसते. साहेबांनी स्वतःच्या हाताने केलेली चूकसुद्धा क्लेरिकल असू शकते. आमच्या काळात मात्र साहेबांची चूक झाली की तिचे मराठी ‘लिपिकाची चूक’ असेच व्हायचे, आणि मेमो आम्हाला यायचा.

कोणती चूक क्लेरिकल आणि कोणती नाही, याची एक कसोटी मी वापरते. मूळ कागदात बरोबर होते आणि उतरवताना चुकले, तर ती क्लेरिकल. मूळ निर्णयच चुकला असेल, तर नाही. आजोबांचे नाव फेरफारात ‘पांडुरंग’ आहे आणि सातबाऱ्यावर ‘पाडुरंग’ झाले, हा हस्तदोष. पण सातबाऱ्यावर काकांचे नाव चढले आणि तुमच्या वडिलांचे चढलेच नाही, कारण फेरफार मंजूर होतानाच ते वगळले होते, तर हा हस्तदोष नव्हे. तिथे अपिलाचा रस्ता. लोक अर्जात वाटेल त्याला क्लेरिकल मिस्टेक म्हणतात, कारण तो शब्द ऐकायला निरुपद्रवी वाटतो. तहसीलमध्ये बसलेला माणूस पहिल्या दोन ओळींत ओळखतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १५५ नेमके या लेखनप्रमादांसाठी आहे. अधिकार अभिलेखातल्या लेखनातल्या चुका, आणि संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका, त्याखाली दुरुस्त होतात. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत स्वतःहून चूक दिसली, तर संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही. दिवाणी कोर्टाच्या निकालात, हुकूमनाम्यात किंवा आदेशात अशी चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम १५२. त्याखाली लेखनातली किंवा हिशेबाची चूक कोर्ट केव्हाही, स्वतःहून किंवा पक्षकाराच्या अर्जावर दुरुस्त करू शकते. दोन्हीकडे इंग्रजीत शब्द एकच : क्लेरिकल. आणि दोन्हीकडे त्याचा पाद्र्याशी काडीचा संबंध नाही.

सातबाऱ्यासाठीचा मजकूर मी शेजाऱ्यांना असा लिहून देते. आमच्याकडे ‘मौजे’ नाही, ‘मौजा’ म्हणतात, आणि जुने लोक तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात, पण अर्ज तहसीलदारांच्या नावे :

‘मौजा अमुक, गट क्रमांक अमुक या जमिनीच्या सातबाऱ्यावर माझ्या आजोबांचे नाव “पांडुरंग” ऐवजी हस्तदोषाने “पाडुरंग” असे नमूद झाले आहे. मूळ फेरफार क्रमांक अमुक मध्ये नाव बरोबर नोंदलेले असून त्याची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. सबब, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये सदर लेखनप्रमाद दुरुस्त करण्यात यावा, ही विनंती.’

बस्स, इतकेच. खाली आजोबांचे चरित्र जोडू नका. चूक कोणाच्या काळात झाली, त्या पटवाऱ्याचे वागणे कसे होते, तेही नको. बरोबर काय, चुकीचे काय आणि बरोबरचा पुरावा काय, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. पोच घ्यायला विसरू नका, आणि पोचेवरची तारीख तिथेच वाचून घ्या. पोचेवरसुद्धा हस्तदोष होतो.

पाद्र्यांची बाजू तुलनेने सोपी, पण तिथे जात्याच एक अडचण आहे. मराठीत ‘क्लेरिकल’ला एकच एक विशेषण बसत नाही. ‘पुरोहितीय’ कुणी म्हणत नाही. म्हणून विशेषण सोडा आणि षष्ठी वापरा : धर्मगुरूंचा पोशाख, पाद्र्यांचे ब्रह्मचर्य, धर्मगुरूंची सत्ता. ‘क्लेरिकल कॉलर’ला ‘पाद्री गळ्याशी लावतात ती पांढरी पट्टी’ असे उलगडून लिहिले तरी बिघडत नाही. (आपला पांढरपेशा कारकूनही पांढऱ्या कॉलरचाच, पण त्याची कॉलर शर्टाची.) ‘अँटी-क्लेरिकल’ म्हणजे धर्मविरोधी नव्हे. धर्मगुरूंनी राजकारणात आणि शिक्षणात वर्चस्व गाजवू नये, एवढेच म्हणणारा माणूस तो. स्वतः श्रद्धाळूही असू शकतो.

कोणत्या धर्माबद्दल चालले आहे ते पाहून शब्द निवडा. कॅथलिक असतील तर ‘धर्मगुरू’ किंवा नुसते ‘फादर’. प्रोटेस्टंट मराठी मंडळी ‘पाळक’ म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो, मेंढपाळाची आठवण ठेवणारा. बायबलमधल्या जुन्या काळाबद्दल असेल तर ‘याजक’. ‘पाद्री’ हा पोर्तुगीजांकडून आलेला, सगळ्यांना कळणारा शब्द आहे, पण समोरच्या माणसाला हाक मारताना ‘ए पाद्री’ कुणी म्हणत नाही. मुसलमानांबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रे सरसकट ‘क्लेरिक’ लिहितात. मराठीत इमाम, मौलाना, मुफ्ती यांतला नेमका कोण ते शोधून लिहा, नाहीच सापडले तर ‘धर्मगुरू’. हिंदूंसाठी पुरोहित, पुजारी, भटजी, गुरव असे शब्द आहेत, आणि एकाचे काम दुसरा दर वेळी करतोच असे नाही. बौद्धांसाठी भिक्खू आणि भन्ते. निदान नागपुरात तरी यात चूक व्हायला नको. १९५६ साली १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना दीक्षा दिली ती महास्थविर चंद्रमणी यांनी. एका इंग्रजी मजकुरात त्यांच्याबद्दल ‘क्लेरिक’ वाचले. त्याचे मराठी ‘पाद्री’ नाही, ‘पुजारी’ तर मुळीच नाही.

आणि सिस्टर? झगा आहे, व्रत आहे, मठ आहे, पण कॅथलिक चर्चच्या कायद्यात क्लेरिक म्हणजे दीक्षित डीकन, धर्मगुरू आणि बिशप, एवढेच. सिस्टर त्यात नाहीत, दीक्षा न घेतलेले ब्रदरही नाहीत. हे मला त्याच फादरांनी सांगितले. मी विचारले, “म्हणजे आयुष्यभर शाळा चालवणाऱ्या सिस्टर क्लर्जीत नाहीत?” म्हणाले, “नाहीत. पण क्लेरिकल काम सगळं त्याच करतात.” कोणत्या अर्थाने, ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

स्मरणिकेचे पुढे काय झाले ते राहिलेच. माझी ओळ प्रुफात सुधारली. पण तेच वाक्य संस्थापकांच्या फोटोखालीही होते, ते माझ्याही नजरेतून सुटले, फादरांच्याही, आणि छापून आले. पाचशे प्रती. मग मी घरच्या प्रिंटरवर चिटोऱ्या काढल्या, कात्रीने कापल्या आणि एकेका प्रतीत फोटोच्या पानाशी ठेवत गेले, दोन दुपारी. चिटोऱ्यावर लिहिले होते :

‘शुद्धिपत्रक. पृष्ठ १४ वरील छायाचित्राखालील ओळीत “संपूर्ण लिपिकवर्गासह” असे नजरचुकीने छापले गेले आहे. त्याऐवजी “पाद्र्यांच्या संपूर्ण पोशाखात” असे वाचावे.’